कुंडीत पाणी मुरतंय

माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे आणि त्याला पेशंटची भीती वाटते. हात चांगला, निदान अचूक, पण समोरच्याने 'आ' केला की ह्याचाच घसा कोरडा पडतो. 'दुखतंय का हो?' असं तो इतक्या काकुळतीने विचारतो की शेवटी पेशंटच त्याला धीर देतो. असा माणूस इतकी वर्षं दवाखाना चालवू शकला तो दोन बायकांच्या जिवावर. एक मी. मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवते. मेण, प्लास्टर, छोटीशी भट्टी आणि फळीवर ओळीने हसणारे दुसऱ्यांचे जबडे, हे माझं साम्राज्य. दुसरी त्याची थोरली बहीण, माझी नणंद. त्या बाहेरच्या खोलीत बसायच्या. कुणाला आधी आत सोडायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, कुणाचं कण्हणं खरं आणि कुणाचं रांग मोडण्यापुरतं, हे सगळं त्यांच्या हातात. सगळी गल्ली त्यांना ताई म्हणायची. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले पेशंटही ताईच म्हणायचे, कारण त्यांच्याकडे बघितल्यावर दुसरं काही म्हणायची कुणाची छातीच होत नसे.

पाम आणला तो ताईंनीच. त्याआधी बाहेरच्या खोलीत बघण्यासारखी एकच गोष्ट होती, किडलेल्या दाढेचं भलंमोठं रंगीत चित्र. ते बघत बसलेली माणसं नंबर यायच्या आत घरी पळायची. एक धट्टाकट्टा गृहस्थ तर 'जरा पाणी पिऊन येतो' म्हणून गेला तो अजून पाणीच पितोय. ताईंनी ते चित्र उतरवलं, उलटं करून मला टेबलावर अंथरायला दिलं आणि नर्सरीतून एक पाम हातगाडीवर घालून आणला. घरात ठेवायचा, शोभेचा. उंची त्यांच्या खांद्याइतकी, पानं कमानीसारखी झुकलेली.

नर्सरीवाली बाई फटकळ होती. तिने सांगितलं, "थेट ऊन नको, एसीचा वारा नको, आणि मागितल्याशिवाय पाणी देऊ नका."

"मागतं कसं?" ताईंनी विचारलं.

"मातीत बोट घाला. दोन पेरं कोरडी लागली तर द्या. नाहीतर गप बसा."

बोट घालून बघणं हा तर आमचा खानदानी धंदा. ताईंनी ते मनावर घेतलं. आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळसा फिरवायची, म्हणजे सगळ्या बाजूंना खिडकीचा उजेड मिळतो. ओल्या फडक्याने एकेक पात पुसायची, खाली तळहात धरून, तान्ह्या बाळाची पाठ पुसावी तशी. टोकं करपली की कात्रीने तिरकी छाटायची, पण करपलेली बारीक कड मुद्दाम ठेवायची. हिरव्याला कात्री लागली की ते पुन्हा करपतं म्हणे. आणि मधोमध नवा कोंब आला, भाल्यासारखा टोकदार आणि घट्ट मिटलेला, की ताई बाहेरूनच ओरडायच्या, "आलं गं!" पहिल्यांदा मी धावत गेले. मला वाटलं नळाला पाणी आलं.

खरं सांगायचं तर मला ते झाड आवडायचं नाही. मी केलेल्या कवळ्यांवर अर्धी गल्ली जेवते, त्याबद्दल कधी 'बरं झालंय' असं तोंडातून निघालं नाही. आणि ह्या ठोंब्याने वर्षाकाठी चार पानं काढली की पेढे वाटल्यासारखी बातमी. ते कोपऱ्यात उभं राहायचं आणि मी त्याला पाण्यात पाहायचे.

अशात एक दिवस बंबवाले आले.

आयुष्यभर आगीच्या बंबावर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ, म्हणून गल्लीत त्यांना बंबवाले म्हणायचे. धिप्पाड, मिशा पांढऱ्या पण ताठ, बायको वारून बरीच वर्षं झालेली. दाढ दुखते म्हणून आले. नवऱ्याने तपासलं. काही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. आता उजवीकडे दुखत होतं. मग वरची. मग समोरची खालची. नवऱ्याने दोन्हीकडचे एक्स-रे काढले, आरसा घालून बघितलं, गार पाणी मारून बघितलं, आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकून बघितला. दात म्हणजे दगडी भिंत.

"ह्या माणसाच्या तोंडात दुखणं भुतासारखं फिरतंय," नवरा जेवताना म्हणाला. त्याचा घास हातातच राहिला होता. "माझंच काही चुकत असणार."

"चुकत नाहीये," मी म्हटलं. "तो ताईंना काय म्हणतो, ऐकलंस?"

"काय?"

"मॅडम."

"मग?"

आता ह्याला काय सांगायचं? अख्खी गल्ली ताई म्हणते आणि एकटा हा माणूस 'मॅडम, आज बसू ना?' म्हणतो. ज्याला पुढेमागे काही सुचवायचं असतं तो पुरुष बाईला ताई म्हणत नाही, एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं. पण माझ्या नवऱ्याला हिरडीच्या आतलं दिसतं, नाकासमोरचं दिसत नाही.

बंबवाले नेहमी पामच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. नंबर आला तरी 'आधी त्यांना सोडा, मला घाई नाही' म्हणायचे. दाढदुखीवाल्याला घाई नसते, हे मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. ताई तोंडाने काही बोलत नसत. फक्त बंबवाल्यांचा दिवस असला की केसांना पिना जरा जास्त लागायच्या.

आणि मग पाम पिवळा पडायला लागला.

आधी खालची दोन पानं, मग त्याच्या वरची. टोकांपासून करपत देठापर्यंत यायची. ताईंनी मातीत बोट घातलं. ओली. दोन दिवस थांबून पुन्हा घातलं. ओलीच. त्यांनी स्वतः तर कित्येक दिवसांत थेंब टाकला नव्हता.

"कुंडीत पाणी मुरतंय," ताई माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या.

"कुंडीत नाही तर कुठे मुरणार?"

"शहाणपणा नको. तू प्लास्टरचं भांडं विसळून तिथे ओततेस का?"

मी हातातलं मेण खाली ठेवलं. "ताई, मी त्या झाडाला आजवर एक थेंब पाणी घातलेलं नाही. मला ते आवडतच नाही."

"आवडत नाही?"

"नाही."

ताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. इतक्या वर्षांत त्यांच्या वाट्याला असं उत्तर आलं नसावं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. म्हणजे तू नाहीस." आणि गेल्या. दात धरून राहतील असं मला वाटलं होतं, पण माझी सुटका माझ्या वाईट मनामुळेच झाली.

दुसऱ्या दिवशी कुंडीवर पाटी लागली. 'झाडाला पाणी घालू नये. कुंडीत थुंकू नये.' त्याने एवढंच झालं की ज्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं, ते कुंडीकडे विचारपूर्वक बघायला लागले. झाड पिवळं होतच राहिलं. ताईंचा चेहराही. जेवताना त्या गप्प असायच्या. मला सवय बोलणी खायची. त्या गप्प बसल्या की मला घास उतरेना. शेवटी मीच म्हटलं, "ताई, चोर हवाय ना? मग पहारा सोडून जा. तुम्ही समोर असताना कोण हात लावणार?"

सकाळची वेळ होती. ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी चष्मा दुरुस्तीला टाकून येते. वेळ लागेल." आणि पुढच्या दारातून बाहेर पडल्या. इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने माझ्या खोलीत आल्या. "सरक," म्हणाल्या. एकाच स्टुलावर आम्ही दोघी, नणंद आणि भावजय, अर्ध्या अर्ध्या बुडाने बसलो. माझ्या दाराला एक फट आहे, तिथून बाहेरची खोली सगळी दिसते. वर त्या, खाली मी, अशी डोळ्यांची उतरंड लावली. फळीवरच्या कवळ्या आमच्याकडे बघून हसत होत्या.

बाहेर गाण्याच्या क्लासच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांची दाढ काढायची होती, भुलीचं इंजेक्शन देऊन ती चढेपर्यंत नवऱ्याने त्यांना बाहेर बसवलं होतं. अर्धा गाल लोंबत होता.

आधी आल्या आमच्या नर्सबाई. वीस वर्षं नवऱ्याच्या शेजारी उभं राहून पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढून घेणारी बाई. इकडे तिकडे बघितलं, हातातला जग कुंडीत उपडा केला आणि पानाला म्हणाल्या, "पी बाळा. ताईंचा हात झाडाच्या बाबतीतही आखडताच."

ताईंचं हाड न् हाड ताठ झालेलं मला पाठीला जाणवलं. मी त्यांचा हात दाबला. "थांबा."

नर्सबाई गेल्या आणि आला माझा नवरा. हातात ग्लास. चोराच्या पावलांनी आला, गाण्याच्या बाईंकडे बघून ओशाळं हसला, ग्लास कुंडीत रिकामा केला आणि हळूच म्हणाला, "मघाची दाढ फार जड गेली रे. घे. ताईला सांगू नकोस."

"हा माझा भाऊ?" ताई माझ्या कानात फुसफुसल्या.

"हा माझा नवरा," मी म्हटलं. "माझी अवस्था बघा."

मग गाण्याच्या बाईंनी तोंडातला कापसाचा बोळा काढला, न्याहाळला, पाटी वाचली, आणि पाटीवर कापसाबद्दल काहीच लिहिलेलं नाही हे बघून तो कुंडीच्या मातीत बोटाने आत दडपला. इतक्या सफाईने की ही काही पहिली वेळ नसणार.

शेवटी आले बंबवाले. ताईंची रिकामी खुर्ची बघून त्यांचा चेहरा पडला. बसले. पामकडे बघितलं, पिवळ्या पानाला बोट लावलं, 'अरेरे' म्हणाले. आणि पिशवीतून पाण्याची भलीमोठी बाटली काढली.

आता मात्र ताई थांबल्या नाहीत. दार इतक्या जोरात उघडलं की फळीवरची एक कवळी खाली पडली.

"तुम्ही?"

बंबवाले बाटली उलटी धरून तसेच उभे राहिले. पाणी भळाभळा वाहत होतं. "मॅडम, हे... पिवळं दिसलं."

"मग?"

"पिवळं काही दिसलं की आमचा हात पाण्याकडेच जातो. चाळीस वर्षांची सवय."

"आग लागली होती का इथे?"

मग त्या धिप्पाड माणसाने बुटांकडे बघत म्हटलं, "लागली होती. पण झाडाला नाही."

गाण्याच्या बाईंचा लोंबता गाल आणखी लोंबला. ताईंचे कान लाल झाले. मी त्यांना सासरी आल्यापासून ओळखते. त्यांचे कान लाल होतात हे मला त्या दिवशी कळलं.

आवाज ऐकून नवरा बाहेर आला. "काय झालं? दाढ दुखतेय का?"

"नाही हो डॉक्टर," बंबवाले म्हणाले. "दाढ कधीच दुखत नव्हती. माफ करा."

"कधीच नाही?" नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. "म्हणजे माझं निदान बरोबर होतं!"

ताईंनी सगळ्यांवर एक नजर टाकली. "तुझ्या निदानाचं नंतर बघू. तू, नर्सबाई, हे, आणखी कोण कोण देव जाणे, सगळ्यांनी मिळून लाडाने बुडवलंय त्याला." आणि त्या एकदम कुंडीशेजारी खाली बसल्या. ताई जमिनीवर बसलेल्या आम्ही कुणी कधी पाहिल्या नव्हत्या. अति तिथे माती म्हणतात. इथे तर मातीतच अति झालं होतं.

नर्सरीवाल्या बाईला मीच फोन लावला. ती म्हणाली, "बाहेर काढा. मुळं बघा. काळी, लिबलिबीत असतील ती कापा. पांढरी, टणक ठेवा. आणि लवकर करा, बोलत काय बसलात?"

बंबवाल्यांनी कोट काढला. कुंडी आडवी केली, खोडाला धरलं आणि झाड असं अलगद उपसलं की जणू धुरातून माणूस बाहेर काढताहेत. वास असा सुटला की मी भट्टीवर घालवलेली वर्षंही कमी पडली. मातीच्या गोळ्यातून काय काय निघालं ते सांगायला नको, पण सांगते. कापसाचे बोळे, ढिगाने. च्युइंगगम. दातकोरण्या. बटण. आणि एक चमकणारी दाताची टोपी, जी मी स्वतः बनवली होती. 'घरी जेवताना गळून पडली, दुसरी द्या' म्हणून एका गृहस्थांनी गेल्या साली भांडून फुकट दुसरी नेली होती. कुंडीच्या तळाचं भोक कापसाने असं ठासून बंद झालं होतं की नवऱ्याने दाढ भरावी तर अशी.

"आत आणा," नवरा म्हणाला.

"कुठे आत?"

"खुर्चीवर. तिथे दिवा चांगला आहे."

बंबवाल्यांनी पाम खांद्यावर घेतला आणि दातांच्या खुर्चीत आडवा ठेवला. पानं डोकं टेकायच्या जागेवरून खाली लोंबली, मुळं पाय ठेवायच्या जागी. नवऱ्याने हातमोजे चढवले, दिवा ओढून मुळांवर आणला, आणि मग मी जे बघितलं त्यावर माझाच विश्वास बसेना. ह्या माणसाच्या आवाजात काकुळतीचा लवलेश नव्हता.

"ताई, दिवा असा धर. हलवू नकोस."

"अरे, पण ते वरचं..."

"बोलू नकोस. नर्सबाई, पाण्याची बारीक धार. अजून बारीक. बंबवाले, खोड धरा, घट्ट नको." मग माझ्याकडे न बघता, "तुझी बारीक कात्री दे. मेणाची."

ताई दिवा धरून उभ्या राहिल्या. नवरा एकेक मूळ बोटांत घेऊन दाबायचा. मऊ लागलं की कापायचं, टणक लागलं की धुऊन बाजूला करायचं. काळा चिखल गाळत गाळत आत आत जात राहिला.

"रूट कॅनाल म्हणतात तो हाच का?" बंबवाल्यांनी विचारलं.

"ह्याला भूल लागत नाही," नवरा म्हणाला, "आणि हा प्रश्न विचारत नाही."

तेवढ्यात दारात गाण्याच्या बाई उभ्या राहिल्या. "ऑक्टर! आझी आढ!"

"तुमची दाढ नंतर," नवरा वर न बघता म्हणाला. "आणि कापूस कुंडीत टाकायचा नाही. बसा बाहेर."

बाई मुकाट्याने बाहेर जाऊन बसल्या. भूल उतरायच्या आत त्यांची दाढही निघाली, आणि त्या सांगतात की इतक्या झटक्यात आयुष्यात कुणी दाढ काढली नव्हती. 'दुखतंय का हो' असं एकदाही विचारलं नाही म्हणून त्या थोड्या नाराजही होत्या.

पामचं उरलं ते एवढंसं. मूठभर पांढरी मुळं, वर चार-पाच पानं, मधे मिटलेला कोंब. लहान कुंडी आणली, भरड वाळू आणि झाडाच्या सालीचे तुकडे मिसळून माती केली, तळाच्या भोकात बोट घालून ते उघडं असल्याची खात्री ताईंनी स्वतः करून घेतली. लावताना जेमतेम भिजेल एवढं पाणी दिलं. पुढे काय करायचं म्हणून नर्सरीवालीला विचारलं तर ती म्हणाली, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही! कळतंय का मराठी?"

काही न करणं किती अवघड असतं हे आमच्या दवाखान्याने त्यानंतर शिकून घेतलं. नर्सबाई जग हातात आला की डोळे मिटून पुढे जायच्या. नवरा ग्लासातलं उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकायचा. ताईंनी बंबवाल्यांना समोर उभं केलं.

"तुम्ही रोज यायचं. ह्या खुर्चीत बसायचं. कुणालाही पाणी घालू द्यायचं नाही. तुम्ही तर नाहीच."

"आणि दाढ?"

"दाढा घरी ठेवून आलात तरी चालेल."

मग ते रोज यायला लागले. पामवर नजर ठेवून बसायचे आणि ताईंना बंबावरच्या गोष्टी सांगायचे. त्यांचं म्हणणं, आगी थोड्याच असतात, जास्त माणसं न्हाणीघरात अडकून पडतात. एक वजनदार गृहस्थ टबात कसे अडकले आणि त्यांना साबण लावून कसं काढावं लागलं, हे ऐकताना ताई हसल्या. मी आतून धावत बाहेर आले, मला वाटलं कुणाची तरी गाडी सुरू होत नाहीये. सुजलेले गाल धरून बसलेले पेशंट हसायचे आणि मग 'आई गं' म्हणायचे.

झाड मात्र हसत नव्हतं. एक पान गेलं, मग दुसरं. ताई प्रत्येक पान पूर्ण वाळेपर्यंत थांबायच्या आणि मग देठाशी कापायच्या. शेवटी उरला तो एक कोंब. नर्सरीवालीने सांगितलं होतं, "कोंब हलकाच ओढून बघा. सुटून हातात आला तर आतून कुजलंय, संपलं. नाही आला तर जगेल." हे ऐकल्यापासून ताई कोंबाच्या जवळपासही फिरकत नव्हत्या. धूळ पुसायच्या त्या लांबून.

"मी बघू?" बंबवाले म्हणाले.

"तुमचा हात! दार उपटून काढता तुम्ही."

"मी बघते," मी म्हटलं.

"तुला आवडत नाही ते. तू मुद्दाम जोरात ओढशील."

हे मात्र अन्यायाचं होतं, कारण एव्हाना मीही रोज सकाळी आधी त्याच्याकडेच बघत होते. पण ते सांगायची लाज वाटली.

एका दुपारी पेशंट संपले तेव्हा ताई नवऱ्याला म्हणाल्या, "तू ओढ. जन्मभर दुसरं काय केलंस?"

नवऱ्याने हात धुतले. दोन बोटांत कोंब धरला. आम्ही सगळे उभे. ताईंनी तोंड भिंतीकडे केलं. बंबवाल्यांनी त्यांच्या मागे जाऊन हात पुढे केला, मग मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला, आणि ताईंनी मागे न बघताच तो धरला. नर्सबाईंनी माझ्या कमरेत कोपर खुपसलं. मी पण बघितलंय, हे मला त्यांना खुणेने सांगावं लागलं.

नवऱ्याने हलकाच ओढला. मग जरा जास्त.

"काय?" ताई भिंतीला म्हणाल्या.

"येत नाही," नवरा म्हणाला. "ताई, येत नाही गं. अगदी घट्ट आहे."

दाढ निघाली नाही म्हणून इतका खूश झालेला दातांचा डॉक्टर जगात दुसरा नसेल.

कोंब उघडायला पुढे बराच वेळ लागला, आणि जे पान आलं ते अगदीच टिचभर, एका बाजूला चिमटलेलं. ताईंनी ते नर्सरीवालीला नेऊन दाखवायचं म्हणून मोबाइलवर फोटो काढला. तोपर्यंत दुसरीही गोष्ट उघड झाली होती. जेवताना ताई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून मी बंबवाल्यांकडे राहायला जाणार. आम्ही नोंदणी करून घेतोय. दवाखान्यातही येणार नाही. खूप बसले त्या खुर्चीत."

नवऱ्याचा चमचा ताटात पडला. "ताई, ह्या वयात?"

"ह्याच वयात. आधीच्या वयात तुला शिकवत होते."

तो ताटावरून उठला, हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्याच उठून आत गेल्या. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मुद्दाम ताटं जोरात वाजवली. पण बाहेर आले तेव्हा दोघांचीही नाकं लाल होती आणि नवरा म्हणत होता, "पण रविवारी जेवायला यायचं."

"मी करायचं की तुम्ही करणार?" ताईंनी मला विचारलं.

"तुमचे हे करतील," मी म्हटलं. "तुम्ही आमच्याकडे पाहुणे म्हणून यायचं आणि बसायचं." 'तुमचे हे' म्हटल्यावर ताईंचे कान पुन्हा लाल झाले. आता माझ्या हातात हे हत्यार आलं होतं, आणि मी ते सोडणार नव्हते.

सामान बांधायला मी गेले होते. त्यांचं सामान फार नव्हतं. पाम न्यायचा का, असं मी विचारलं. "छे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घरी नेला तर पोहायला शिकावं लागेल बिचाऱ्याला. तुझ्याकडे राहू दे. तुला आवडत नाही ना, तूच नीट सांभाळशील." मग कपाट बंद करता करता पाठ फिरवून म्हणाल्या, "त्या टोपीचं काम चांगलं होतं. मातीत वर्षभर राहून डागसुद्धा नव्हता."

मी "हो," एवढंच म्हटलं.

ताई गेल्यावरचा पहिला दिवस आमच्या दवाखान्यात गोंधळाचा गेला. बाहेर तीन पेशंट, तिघांचा दावा आपणच आधी आलो. आवाज चढले. खुर्ची रिकामी. नर्सबाई माझ्याकडे बघताहेत, मी हातात ओलं प्लास्टर घेऊन उभी. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि नवरा स्वतः बाहेर आला. मला वाटलं, आता हा सगळ्यांची माफी मागणार.

"ज्याचं जास्त सुजलंय तो आधी," तो म्हणाला. "बाकीचे बसा."

आणि ती तीन माणसं भांडण विसरून आपापले गाल चाचपत एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.